तार मागे कुठे जाते?

यवतमाळ शहराला लागून असलेलं लोहारा बाहेरच्यांना माहीत असतं ते एमआयडीसीमुळे. (धाराशिव जिल्ह्यातला लोहारा तालुका वेगळा.) कापसाच्या या जिल्ह्यात रेमंडच्या डेनिमचा कारखाना इथलाच, आणि १९९६ साली सुरू झालेलं जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयही याच वसाहतीत. डेनिमच्या धंद्यात आणि अभियांत्रिकीच्या शिक्षणात एक गोष्ट समान असते, ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्रयोगशाळेत मुलं मार्कांसाठी जे चित्र काढतात, त्याच जातीचं चित्र कुठल्याही मोठ्या कारखान्यात रात्रपाळीचा माणूस कंट्रोल पॅनेलसमोर उभा राहून उलगडायचा प्रयत्न करत असतो. चित्र म्हणजे काय, तर ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा.

हे चित्र म्हणजेच प्रोग्राम. कापड गिरणीतल्या यंत्रांचा कारभार पीएलसी नावाचा छोटा संगणक पाहतो. हवेतला दमटपणा किती, रंगाच्या टाकीचं तापमान किती, मोटर कधी थांबवायची, हे त्याला सांगावं लागतं. सांगण्याच्या भाषा आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकाने १९९३ साली ठरवून दिल्या. त्यांतल्या काही लिहायच्या आहेत. ‘लॅडर’ आणि ‘फंक्शन ब्लॉक डायग्राम’ या मात्र काढायच्या. सेन्सरचा ठोकळा, तुलनेचा ठोकळा, पंपाचा ठोकळा आणि मधे तारा. तार चुकीच्या ठिकाणी गेली तर ती प्रोग्रामातली चूक असते, चित्रातली नव्हे.

ही कल्पना कारखान्यापुरती नाही आणि नवीही नाही. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली ‘स्केचपॅड’ करून पडद्यावर चित्र काढता येतं हे दाखवलं, आणि त्यांचेच भाऊ बर्ट सदरलँड यांनी १९६६च्या प्रबंधात चित्र काढूनच संगणकाला काम सांगून दाखवलं. १९८६ साली लॅबव्ह्यू आलं आणि प्रयोगशाळांमध्ये रुळलं. मग संगीतासाठी मॅक्स, वाहनांच्या नियंत्रणासाठी सिम्युलिंक, सिनेमातल्या दृश्यांसाठी न्यूक आणि हुडिनी, इमारतींच्या आकारांसाठी ग्रासहॉपर, गेमसाठी अनरिअलचं ब्ल्यूप्रिंट, सेन्सर आणि इंटरनेट जोडायला आयबीएममध्ये जन्मलेलं नोड-रेड. आज फुकट मिळणारं ब्लेंडर उघडलं तरी रंग, प्रकाश, आकार सगळं ठोकळे-तारांनी जोडता येतं. ब्लेंडरवाले त्या तारांना ‘नूडल’ म्हणतात. या नावातच पुढच्या तक्रारीची पूर्वसूचना आहे.

तक्रार अशी: काढणाऱ्याला स्वच्छ वाटलेलं चित्र सहा महिन्यांनी कोणालाच उलगडत नाही, खुद्द काढणाऱ्यालाही. याचं कारण बहुतेक जण ‘फार तारा झाल्या’ असं देतात. मला ते अर्धंच पटतं. चित्र काढताना हात डावीकडून उजवीकडे जातो: आधी सेन्सर, मग हिशेब, मग पंप. वाचणारा मात्र पंपापाशी उभा असतो. पंप चालू का होत नाही, एवढाच त्याचा प्रश्न, आणि उत्तरासाठी त्याला तार धरून उजवीकडून डावीकडे, उगमापर्यंत जायचं असतं. तार एकदा पुढे ओढली जाते आणि पुढे अनेकदा मागे वाचली जाते. जोडणी वाचनीय आहे की नाही याची कसोटी या उलट्या वाटेवर लागते. तरी बहुतेक सॉफ्टवेअरची सगळी कारागिरी तार ओढण्याचा क्षण सुखाचा करण्यात खर्च झालेली दिसते.

जवळचं उदाहरण घेऊ. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर देशभरच्या कॉलेजांत पोचवायचं काम हाती घेतलं. त्यातलं एक सायलॅब. त्याचे धडे ‘स्पोकन ट्युटोरियल’मुळे मराठी आवाजातही ऐकता येतात. सायलॅबच्या पोटात एक्सकॉस नावाचा ठोकळे-तारांचा संपादक आहे. नियंत्रणशास्त्राचा पहिला धडा त्यात असा होतो: एक पायरीसारखा संकेत देणारा ठोकळा, एक बेरीज-वजाबाकीचा, एक ट्रान्स्फर फंक्शनचा, शेवटी आलेख दाखवणारा स्कोप. स्कोपच्या डोक्यावर घड्याळाचा ठोकळा लागतो, कारण कोणत्या क्षणी नोंद घ्यायची हे घड्याळ सांगतं.

इथे एक्सकॉसच्या कर्त्यांनी फार शहाणपणाचं काम केलं आहे. आकडे वाहून नेणारी तार काळी, ती ठोकळ्याच्या बाजूने शिरते आणि बाजूने निघते. ‘आता काम कर’ असा इशारा नेणारी तार लाल, ती वरून शिरते आणि खालून निघते. म्हणजे दोन जातींच्या तारा रंगाने वेगळ्या आणि दिशेनेही वेगळ्या. याचं महत्त्व प्रॅक्टिकलची फाइल पाहिल्यावर कळतं. फाइलीत लागतो काळा-पांढरा प्रिंट, आणि त्याचीही पुढे झेरॉक्स होते. लाल आणि काळा तिथे एकच होतात. तरीही चित्र वाचता येतं, कारण वरून येणारी तार घड्याळाचीच असणार. एकाच खुणेवर भिस्त ठेवली असती तर अर्धा वर्ग चुकला असता.

मग येते परतीची तार. आउटपुट मोजून पुन्हा बेरजेच्या ठोकळ्याकडे न्यायचं, म्हणजे फीडबॅक. ही एकच तार प्रवाहाच्या उलट धावते आणि सगळा घोळ तिथे सुरू होतो. नियंत्रणशास्त्राच्या पुस्तकांची जुनी रीत अशी की पुढे जाणारी वाट वर, सरळ एका ओळीत; परतीची वाट खाली, काटकोनात वळलेली; आणि त्या वाटेवर ठोकळा असेल तर तोही उलटा, डावीकडे तोंड केलेला. एक्सकॉसमध्ये ठोकळा आरशातल्यासारखा फिरवायची सोय आहे, ती याचसाठी. पण सोय मेनूत दडलेली असल्याने मुलं ठोकळा तसाच ठेवतात. मग तार त्याच्या उजव्या अंगाला वळसा घालून डावीकडे शिरते, त्याच ठोकळ्याच्या मागून फिरून पुन्हा बाहेर येते, आणि चार ठोकळ्यांच्या चित्रात गाठ पडते.

गाठ म्हटलं की सगळे छेदांकडे बोट दाखवतात. छेद म्हणजे दोन तारा एकमेकींना ओलांडतात ती जागा. यामागे एक गणिती गोष्ट आहे आणि ती कारखान्यातलीच आहे. पाल तुरान हा हंगेरीचा मोठा गणिती. १९४४ साली त्याला बुडापेस्टजवळच्या वीटभट्ट्यांवर सक्तीची मजुरी करावी लागली. प्रत्येक भट्टीपासून प्रत्येक साठ्याच्या जागेपर्यंत रूळ टाकलेले. विटांची गाडी रुळावरून ढकलणं अवघड नव्हतं. पण जिथे दोन रूळ एकमेकांना ओलांडत, तिथे गाडी उसळे आणि विटा सांडत. तुरानच्या मनात आलं: रूळ असे टाकता येतील का, की ओलांडण्या कमीत कमी होतील? तीन भट्ट्या आणि तीन साठे असले तर एक छेद टळतच नाही. चार-चार असले तर चार. पाच-पाचला सोळा, सहा-सहाला छत्तीस. या आकड्यांमागचं सूत्र झारांकिएविच या पोलिश गणितीच्या नावाने ओळखलं जातं, आणि भट्ट्या-साठ्यांच्या सगळ्या संख्यांना ते खरंच लागू पडतं का, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

ठोकळ्यांच्या चित्रासाठी यातून दोन गोष्टी निघतात. एक, काही छेद अटळ आहेत. ‘तारा ओलांडू नयेत’ असा नियम भिंतीवर लावून ते जाणार नाहीत. दोन, ठोकळे वाढले की छेद त्यांच्या कितीतरी पट वेगाने वाढतात. शिवाय गॅरी आणि जॉन्सन यांनी १९८३ साली दाखवून दिलं की कोणत्याही जाळ्यासाठी कमीत कमी छेदांची मांडणी शोधणं हा संगणकालाही दमवणाऱ्या, एनपी-कंप्लीट म्हणवल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी आहे. म्हणून प्रत्यक्षात कामचलाऊ युक्त्या वापरतात. सगळ्यांत टिकलेली युक्ती सुगियामा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांची, १९८१ सालची: ठोकळे आधी थरांत लावायचे, मग प्रत्येक थरात त्यांचा क्रम वरखाली करून छेद घटवायचे. ‘आपोआप मांडणी’चं बटण दाबल्यावर अनेक सॉफ्टवेअरमध्ये आजही साधारण हेच होतं.

पण छेद डोळ्याला खरंच किती त्रास देतात? हेलन पर्चेस यांनी १९९७ साली लोकांना वेगवेगळ्या तऱ्हेने काढलेली जाळी दाखवून प्रश्न विचारले. वळणं, सममिती, छेद यांपैकी समजण्यावर सर्वांत मोठा परिणाम छेदांचा निघाला. गोष्ट इथेच संपली असती, पण पुढे कॉलिन वेअर आणि पर्चेस यांच्याच २००२च्या अभ्यासात वाटेची सलगता फार महत्त्वाची ठरली: वाट जितकी सरळ पुढे जात राहते, तितका डोळा तिला धरून राहतो. वेइदाँग हुआंग यांनी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून छेदाचा कोन तपासला. दोन तारा जवळजवळ काटकोनात ओलांडत असतील तर डोळा फारसा अडखळत नाही. अगदी तिरप्या, लहान कोनात ओलांडत असतील तर तो भलत्या तारेवर घसरतो.

म्हणून छेद मोजत बसण्यापेक्षा घसरण मोजावी, असं माझं मत आहे. काटकोनातले दहा छेद परवडतात. दोन तारा काही अंतर अंगाला अंग लावून गेल्या आणि मग फुटल्या, तर ते एक ठिकाणही परवडत नाही. मागे जाणाऱ्या वाचकाला तिथे कोणती तार आपली हे कळायला मार्गच नसतो.

विजेच्या आकृत्या काढणाऱ्यांनी हा प्रश्न संगणकाच्या आधीच सोडवला होता. फॉसीचंच ‘ई-सिम’ हे सर्किटचं सॉफ्टवेअर आकृती काढायला कायकॅड वापरतं, आणि त्यात जुनीच खूण आहे: दोन रेघा ओलांडल्या आणि मधे ठिपका नाही, तर जोड नाही, ठिपका आहे, तर जोड आहे. तरी जाणते लोक अधिक चिन्हासारखा चौफुला टाळतात, ठिपका देऊनसुद्धा. झेरॉक्समध्ये ठिपका पुसला तर अर्थच उलटतो. ते जोड थोडा सरकवून दोन तिठे करतात. तिठ्याला ठिपका नसला तरी तो जोडच असतो, कारण तिथे येऊन थांबलेल्या रेघेला दुसरा अर्थ उरत नाही. खूण हरवली तरी आकाराने अर्थ सांगावा, ही या मंडळींची शिकवण नव्या सॉफ्टवेअरवाल्यांनी पुरती घेतलेली नाही.

आता तारेच्या आकाराकडे. तीन पर्याय रूढ आहेत: सरळ, काटकोनी आणि वक्र. सरळ तार सगळ्यांत आखूड, पण ती वाटेतल्या ठोकळ्यांच्या खालून बिनदिक्कत जाते आणि वेगवेगळ्या तिरप्या कोनांत ओलांडते. दहा ठोकळ्यांपर्यंत चालते.

वक्र तार दिसायला सर्वांत देखणी. ती बहुधा बेझिए वक्र असते, फ्रान्समध्ये मोटारींच्या पत्र्याचे आकार काढण्यासाठी १९६०च्या सुमारास घडलेलं गणित. दोन टोकं, आणि प्रत्येक टोकाला एक अदृश्य दांडा जो वक्राला आपल्या दिशेने ओढतो. संपादकात हे दांडे आडवे ठेवतात, म्हणून तार ठोकळ्यातून आडवी निघते आणि आडवी शिरते. याचा फायदा खरा आहे: टोकापाशी तार कोणत्या ठोकळ्याची, यात शंका राहत नाही, आणि दोन वक्र सहसा लांबवर चिकटून जात नाहीत. पण लक्ष्य उगमाच्या डावीकडे असलं की हेच गणित उलटतं. तार आधी उजवीकडे निघते, मग मागे फिरून मोठा एस काढते आणि स्वतःच्याच ठोकळ्याखाली लपते. फीडबॅकची तार नेमकी अशीच असते. दांड्याची लांबी आडव्या अंतराच्या निम्मी ठेवायची, एवढाच हिशेब ज्या संपादकाने केला आहे, त्यात दूरवरच्या तारा फुगतात आणि जवळच्या ताठ होतात. चांगला संपादक मागे जाणाऱ्या तारेला वेगळा नियम लावतो: तिला ठोकळ्याच्या खालून, उघड्या जागेतून नेतो.

काटकोनी तार सिम्युलिंकवाल्यांची लाडकी. मोटार उद्योगात, म्हणजे आपल्याकडे पुणे-चाकणच्या पट्ट्यातही, गाडीच्या नियंत्रणाचा बराच भाग सिम्युलिंकमध्ये काढला जातो. फोर्ड, डेमलर-क्रायस्लर, टोयोटा यांनी मिळून २००१ साली ठोकळे-चित्रांच्या शिस्तीची नियमावली काढली, ती मॅब म्हणून ओळखली जाते. तारांविषयीचा तिचा नियम वाचण्यासारखा आहे: शक्यतो ओलांडू नये, काटकोनात काढावी, एका तारेवर दुसरी चढवू नये, ठोकळ्याच्या अंगावरून नेऊ नये, आणि एका जागी दोनपेक्षा जास्त फाटे फोडू नयेत. यात ‘ओलांडू नये’ला ‘शक्यतो’ची सूट दिलेली आहे, ‘चढवू नये’ला नाही. ज्यांच्या चित्रांवर गाडीचा ब्रेक अवलंबून आहे, त्यांनाही एकमेकींवर चढलेल्या तारांची भीती छेदांपेक्षा जास्त वाटली.

फाट्यांची गोष्ट इथे सविस्तर करायला हवी, कारण मागे वाचण्याचं रहस्य तिथेच आहे. आकडे वाहणाऱ्या चित्रात एका आउटपुटमधून कितीही तारा निघू शकतात, पण एका इनपुटमध्ये एकच तार शिरते. म्हणजे उजवीकडून डावीकडे जाताना प्रत्येक तार एकाच उगमाकडे नेते. पुढे जाताना मात्र फाटे फुटतात. मागे जाणं हे मुळात सोपं काम आहे, फक्त चित्राने ते बिघडवू नये.

ब्ल्यूप्रिंटमध्ये एक पांढरी तार ‘आता पुढचं काम कर’ असा क्रम सांगते, आणि तिचा नियम उलटा आहे: आउटपुटमधून एकच निघते, इनपुटमध्ये कितीही शिरतात. म्हणून ब्ल्यूप्रिंटचं चित्र वाचताना पांढरी तार पुढे धरायची आणि रंगीत तारा मागे, अशी दुहेरी चाल शिकावी लागते. नोड-रेडमध्ये तर दोन्ही टोकांना कितीही तारा चालतात. तिथे चुकीचा निरोप कोणत्या वाटेने आला हे चित्र पाहून सांगताच येत नाही. ब्लेंडरच्या भूमितीच्या ठोकळ्यांत, जिथे अनेक आकार एकत्र करायचे असतात, तिथे इनपुटची गोल खाच ताणून लांबट केली आहे. येणारी प्रत्येक तार त्या खाचेवर आपापल्या जागी, वेगळी टेकते. एवढ्या छोट्या बदलाने कोणती तार आधी आणि कोणती नंतर, हेही दिसू लागलं.

रंगांवर सॉफ्टवेअर कंपन्यांचा भारी जीव. लॅबव्ह्यूत दशांशाचा आकडा नारिंगी, पूर्णांक निळा, होय-नाही हिरवा, अक्षरं गुलाबी. ब्लेंडरमध्ये रंग पिवळा, आकडा करडा, दिशा जांभळी. रंगाने तार शोधायला मदत होते, यात वाद नाही. पण हिरवा-लाल भेद न दिसणारे पुरुष प्रत्येक मोठ्या वर्गात सापडतात, आणि कॉलेजच्या जुन्या प्रोजेक्टरवर नारिंगी आणि गुलाबी सख्खी भावंडं वाटतात. म्हणून रंगाला दुसऱ्या खुणेची जोड लागते. लॅबव्ह्यूत अनेक आकड्यांची यादी नेणारी तार जाड होते. ग्रासहॉपरने हे आणखी नेटकं केलं: एक आकडा असेल तर एकेरी रेघ, यादी असेल तर दुहेरी, याद्यांची यादी असेल तर तुटक दुहेरी. रंग काढून टाकला तरी ती भाषा टिकते.

अक्षरांविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी. ठोकळ्यावर प्रत्येक इनपुटचं नाव छोट्या ओळीत लिहिलेलं असतं आणि ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या मापाचं असतं. तिथे ‘दमटपणा’ ठीक बसतं. ‘आर्द्रतेची तूट’ लिहिलं की वरची वेलांटी, रफार आणि खालचा ऊकार शेजारच्या ओळीत घुसतात, आणि तार कोणत्या नावासमोर टेकली हे कळेनासं होतं. देवनागरीत वाचायचं असेल तर खाचांमधलं अंतरच वाढवावं लागतं, आणि त्याबरोबर तारांमधलंही.

चित्र मोठं झालं की तारा बांधाव्या लागतात. लोहाऱ्यात डेनिमची गोष्ट निघाली नाही तर नवलच, आणि या मुद्द्यावर ती अगदी चपखल बसते. डेनिमच्या ताण्याचं सूत निळीत रंगवायची एक रीत म्हणजे रोप डाइंग. साडेतीनशे-चारशे धागे एकत्र करून त्यांचा दोर करतात, असे कित्येक दोर शेजारीशेजारी निळीच्या टाक्यांतून जातात. रंगून, वाळून झाल्यावर दोर पुन्हा उलगडून प्रत्येक धागा सुटा करायचा असतो. तो उलगडतो, कारण दोर बांधतानाच ठरावीक अंतरावर धाग्यांच्या मधून दोरी ओवून त्यांचा क्रम धरून ठेवलेला असतो. ही दोरी नसेल तर पुढे नुसता गुंता हाती लागतो. सिम्युलिंकमधली ‘बस’ किंवा लॅबव्ह्यूमधला ‘क्लस्टर’ म्हणजे असाच दोर: वीस तारा एका जाड तारेत बांधल्या, आणि पलीकडे पुन्हा सोडवल्या. तिथे क्रम धरणाऱ्या दोरीचं काम नावं करतात. प्रत्येक तारेला तिचं नाव दिलं असेल तर पलीकडच्या टोकाला ‘तापमान’ म्हणून ती सापडते. ‘सिग्नल १’, ‘सिग्नल २’ असं सोडून दिलं असेल, तर मागे जाणारा माणूस दोरापाशी येऊन थांबतो.

लांबच्या तारेचा दुसरा उपाय म्हणजे तार काढायचीच नाही. एका ठोकळ्यावर नावाचा शिक्का, दूरच्या ठोकळ्यावर तोच शिक्का. सिम्युलिंकमध्ये याला ‘गोटू’ आणि ‘फ्रॉम’ म्हणतात, नोड-रेडमध्ये ‘लिंक’. पडदा एकदम स्वच्छ होतो. मला या स्वच्छतेची भीती वाटते. तार दिसेनाशी झाली तरी अवलंबून असणं तसंच राहतं. असा शिक्का एखाद-दुसरा, घड्याळासारख्या सगळीकडे लागणाऱ्या संकेतासाठी ठीक. त्याहून जास्त झाले तर मूळ चित्र ठोकळ्यांची बेटं होऊन बसतं. वळणासाठी तारेत मधे ठेवायचा छोटा ठिपका हा जास्त प्रामाणिक उपाय. न्यूकमध्ये तो ‘डॉट’, ब्लेंडर आणि ब्ल्यूप्रिंटमध्ये ‘रीरूट’. तार दिसत राहते, फक्त आपण सांगू तिथून वळते.

इतकं सगळं करायला वेळ लागतो, आणि तो वेळ मोजलाही गेला आहे. थॉमस ग्रीन आणि मारिअन पेत्रे यांनी १९९६ साली एकाच प्रोग्राममध्ये एकच बदल वेगवेगळ्या भाषांत करून पाहिला. अक्षरांच्या बेसिकच्या तुलनेत लॅबव्ह्यूत सुमारे आठपट वेळ लागला, कारण एक ठोकळा घुसवायला बाकीचे सरकवावे लागले आणि तारा पुन्हा ओढाव्या लागल्या. चित्र नीट ठेवणं इतकं महाग असेल तर कोणीही ते नीट ठेवणार नाही. म्हणून माझ्या मते वाचनीयतेचा निम्मा भाग बदलाच्या सोयीत आहे. ब्लेंडरमध्ये ठोकळा तारेवर आणून सोडला की तो तारेत आपोआप गुंफला जातो. काढताना तार तशीच शाबूत ठेवून काढायचीही सोय आहे. असल्या सोयी असल्या की माणूस टापटीप ठेवतो.

मग आपोआप मांडणीच का करू नये? लॅबव्ह्यूने ८.६ आवृत्तीत ‘क्लीन अप’चं बटण दिलं, इतरांनीही दिलं. पण पेत्रे यांचाच आधीचा, १९९५चा लेख सांगतो की अनुभवी माणसं ठोकळे कुठे ठेवायचे यातून अर्थ सांगत असतात: एका कामाचे ठोकळे जवळ, नेहमीची वाट वर, अडचणीची वाट खाली. नवख्यांना हे जमत नाही आणि वाचताना दिसतही नाही. बटण दाबलं की ही सगळी मांडणी यंत्र सपाट करून टाकतं. निवडलेल्या चार ठोकळ्यांपुरती मांडणी करणारं बटण हवं. सगळा पडदा हलवणारं नको. लोकांच्या डोक्यात चित्राचा नकाशा बसलेला असतो, ‘पंप खाली उजवीकडे’ असा. तो एका क्षणात पुसला तर पुन्हा शिकायला आठवडा जातो.

पडद्यावर किती मावतं यालाही मर्यादा आहे. एल. पीटर डॉइश यांच्या नावाने एक टोमणा प्रसिद्ध आहे: चित्रमय प्रोग्रामिंगची अडचण ही की पडद्यावर पन्नासपेक्षा जास्त चिन्हं एका वेळी ठेवता येत नाहीत. पन्नासचा आकडा अचूक नाही, पण दिशा बरोबर आहे. उपाय म्हणजे पोटठोकळे: एक्सकॉसमध्ये सुपरब्लॉक, लॅबव्ह्यूत सब-व्हीआय. पंधरा ठोकळ्यांचा गट एका ठोकळ्यात घालायचा आणि बाहेर फक्त दोन-तीन तारा ठेवायच्या. कुठे कापायचं? जिथे सर्वांत कमी तारा ओलांडाव्या लागतील तिथे. बाहेर आठ-दहा तारा लोंबत असतील, तर काप चुकीच्या जागी पडला आहे.

शेवटी पुन्हा तो पंप. पीएलसीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये यंत्र चालू असताना चित्र उघडता येतं, आणि ज्या तारेतून संकेत वाहतो आहे ती रंग बदलते, शेजारी चालू आकडा दिसतो. लॅबव्ह्यूत दिव्याचं बटण दाबलं की तारांवरून आकडे सरकताना दिसतात, अर्थात फार सावकाश. आकडा दिसला की मागे जाणाऱ्याचं काम एका प्रश्नावर येतं: बरोबर आकडा कुठपर्यंत होता आणि चुकीचा कुठून सुरू झाला? सिम्युलिंकमध्ये तार निवडून ‘उगमापर्यंत उजळ’ अशी आज्ञा देता येते. मग तेवढीच वाट ठळक होते आणि बाकीचं सगळं फिकं पडतं, पोटठोकळ्यांच्या आत जाऊनसुद्धा. छेद तसेच असतात, गुंताही तसाच, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढं वर येतं. हीच आज्ञा फुकट मिळणाऱ्या आणि कॉलेजांत शिकवल्या जाणाऱ्या संपादकांत पहिल्या दिवसापासून, उजव्या क्लिकवर असायला हवी. एक्सकॉसचा आणि ई-सिमचा आतला कोड उघडा आहे. लोहाऱ्याच्या किंवा आणखी कुठल्या कॉलेजातल्या मुलांना शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून एवढं काम पुरेसं आहे, आणि निम्मं जमलं तरी पुढच्या वर्षीच्या मुलांच्या उपयोगी पडेल.